ॲम्पची हम, सोसायटीचे कार्यालय आणि अर्थिंग : माझा अनुभव

इलेक्ट्रिक गिटारसाठी ॲम्प (तिचा आवाज मोठा करणारा ॲम्प्लिफायर) घ्यायचा ठरवला, की माणूस आधी वॉट विचारतो, मग कंपनी आणि मग आत किती इफेक्ट आहेत ते. ज्या भिंतीतल्या प्लगला तो ॲम्प लावायचा आहे, त्या प्लगच्या वरच्या जाड पिनेला खरोखर अर्थिंग आहे का, हे दुकानदारही विचारत नाही आणि घेणाराही विचारत नाही. नागपुरात मनीषनगर भागात तिसऱ्या मजल्यावरील फ्लॅटमध्ये माझा ॲम्प बसवून त्यातून स्वच्छ आवाज येईपर्यंत जो काळ गेला, त्यातला बहुतेक सगळा या एका पिनेपायी आणि तिच्यासाठी सोसायटीच्या कार्यालयात खेटे घालण्यात गेला. म्हणून हा अनुभव मी सविस्तर लिहीत आहे.

ॲम्पची निवड त्या मानाने लवकर झाली. मला घरी वाजवायचे होते आणि अधूनमधून मित्रांबरोबर एखाद्या लहान सभागृहात. व्हॉल्व्ह ॲम्पचा, म्हणजे काचेच्या नळ्यांवर चालणाऱ्या जुन्या पद्धतीच्या ॲम्पचा, आवाज मला मनापासून आवडतो. पण त्याचे खरे रंग व्हॉल्व्ह जोरात चालवल्यावरच खुलतात, आणि ३० वॉटचा व्हॉल्व्ह ॲम्प फ्लॅटमध्ये त्या पातळीवर वाजवणे शक्यच नसते. लोकांना वाटते की १०० वॉटचा ॲम्प ५० वॉटच्या दुप्पट मोठा वाजतो. प्रत्यक्षात फरक जेमतेम ३ डेसिबलचा असतो. कानाला दुप्पट आवाज वाटण्यासाठी शक्ती साधारण दहापट लागते. म्हणून वॉटच्या आकड्यापेक्षा आउटपुट कमी करण्याची सोय आहे का, हे मी पाहिले आणि बॉस कंपनीचा ५० वॉटचा कटाना घेतला. त्यात १२ इंची स्पीकर आहे आणि आउटपुट अर्ध्या वॉटपर्यंत खाली आणता येते. दुकानात ॲम्प ऐकताना आपलीच गिटार न्यावी आणि सगळे इफेक्ट बंद करून आधी कोरा आवाज ऐकावा. दुकानदार नेहमी भरपूर रिव्हर्ब (आवाज घुमवणारा इफेक्ट) लावून दाखवतो आणि रिव्हर्बमध्ये कुठलाही ॲम्प चांगलाच वाटतो.

घरी आणून लावला आणि पहिल्याच संध्याकाळी हम सुरू झाली. गेन (गिटारकडून येणारा सिग्नल वाढवणारे बटण) थोडा वाढवला की सुरांच्या मागे सतत एक जाड गुणगुण आणि तिच्यात मिसळलेली कर्कश खरखर. त्याहून वाईट म्हणजे अनवाणी पायांनी फरशीवर उभा राहून वाजवताना तारांना मनगट लागले की झिणझिण्या येत. हाताच्या मागच्या बाजूने गिटारच्या धातूच्या ब्रिजवर (तारा जिथे टेकतात त्या भागावर) अगदी हलका स्पर्श करत गेलो, तर तो गुळगुळीत ब्रिज बारीक पॉलिश पेपरसारखा खरखरीत लागे; ॲम्पचे बटण बंद केले की त्याच क्षणी पुन्हा गुळगुळीत. हा भास नाही. धातूच्या भागावर गळतीचा विद्युतदाब असला की त्वचेला तो असाच जाणवतो. कुणालाही ही खूण आढळली, तर त्यांनी वाजवणे तिथेच थांबवावे.

हम कुठून येते, हे शोधण्याचा एक क्रम आहे आणि तो पाळला तर निम्मे वाद मिटतात. आधी केबल काढून रिकामा ॲम्प सुरू करावा. तो शांत असेल, तर ॲम्पच्या आतला वीजपुरवठा बहुधा ठीक आहे. मग केबल आणि गिटार लावून गिटारचा व्हॉल्यूम शून्यावर ठेवावा. इथे आवाज आला तर केबल किंवा जॅक तपासावा. शेवटी व्हॉल्यूम वाढवून जागेवरच गोल फिरावे. दिशा बदलताच हम कमी-जास्त झाली, तर गिटारचा पिकअप (तारांचे कंपन टिपणारा चुंबकीय भाग) ती खोलीतून ओढून घेत आहे. माझा ॲम्प रिकामा असताना शांत होता, आणि धरमपेठेत मित्राच्या घरी नेल्यावर गिटार लावूनही जवळपास शांत होता. झिणझिण्यांचा तर तिथे मागमूस नव्हता. एवढे सांगूनही सर्व्हिस सेंटरने ॲम्प ठेवून घेतला आणि ‘दोष आढळला नाही’ अशी चिठ्ठी लावून बऱ्याच दिवसांनी परत केला.

दुकानातल्या माणसाने तर प्लगची अर्थची पिन काढून टाका, हम जाईल, असा सल्ला दिला. काही वेळा त्याने हम खरोखर कमी होते आणि म्हणूनच हा सल्ला टिकून आहे. पण ती पिन ॲम्पच्या धातूच्या सांगाड्याला जोडलेली असते, सांगाडा गिटारच्या तारांना, आणि तारा आपल्या हातांना. १९७२ मध्ये ब्रिटनमधील स्वान्सी येथे लेस हार्वे हा गिटारवादक कार्यक्रमाच्या वेळी अर्थिंग नसलेल्या मायक्रोफोनला हात लागून विजेच्या धक्क्याने मंचावरच मरण पावला. अर्थची पिन कुठल्याही कारणाने काढू नये.

मग मी वायरमनला बोलावले. त्याने मल्टिमीटर लावला. फेज (वीज आणणारी वायर) आणि न्यूट्रल (परत नेणारी वायर) यांमध्ये २३० च्या आसपास व्होल्ट, म्हणजे ठीक. फेज आणि अर्थमध्येही जवळपास तेवढेच यायला हवे होते. तिथे आकडा निम्म्यावर डळमळत होता. न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टांहून जास्त दिसू नये, तिथे कितीतरी पट जास्त दिसले. “भाऊ, पॉइंटला अर्थिंग आहेच कुठं? वायर आहे, पण ती जमिनीत जाऊनच नाही राहिली,” तो म्हणाला. आम्ही खाली मीटर रूममध्ये गेलो. सगळ्या फ्लॅटांच्या हिरव्या वायरी एका पट्टीवर व्यवस्थित आवळलेल्या होत्या. त्या पट्टीपासून निघून जमिनीत जाणारी जीआयची (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाची) पट्टी मात्र फरशीच्या बरोबर वर गंजून तुटलेली होती. बोट लावले तर तिचे पापुद्रे हातात येत. आणि अर्थिंगचा खड्डा पार्किंगच्या नव्या टाइल्सखाली बुजलेला होता.

म्हणजे काम माझ्या घरातले नव्हतेच, इमारतीचे सामाईक होते, आणि त्याची वाट सोसायटीच्या कार्यालयातूनच जात होती. मीटरनंतरच्या आतल्या वायरिंगची जबाबदारी ग्राहकाची असते, त्यामुळे वीज कंपनीकडे जाण्यात अर्थ नव्हता. मी कार्यालयात तोंडी सांगितले, तर उत्तर मिळाले, “अहो, गिटारच्या मशीनची तक्रार दुकानात करा ना, इथं कशाला?” लेखी अर्ज दिला, तर पोच मिळेना, पोच मागितली, तर शिक्का सेक्रेटरींच्या घरी असल्याचे समजले. पुढे अर्ज समितीच्या बैठकीपुढे ठेवायचे ठरले आणि बैठक गणसंख्येअभावी पुढे गेली. ती झाली, तेव्हा एकाच सभासदाची तक्रार असल्याने खर्च मंजूर करता येणार नाही असे मला कळवण्यात आले. टाइल्स नुकत्याच बसवल्या आहेत, त्या फोडता येणार नाहीत, हे कारण तर प्रत्येक वेळी नव्याने सांगितले जाई. विजेचा धक्का बसण्याचा धोका लेखी कळवलेला असताना टाइल्सची काळजी आधी केली जाते, याचा मला आजही संताप येतो.

या काळात उपाय म्हणून दोन गोष्टी सुचवल्या गेल्या आणि मी दोन्ही नाकारल्या. अर्थची वायर नळाच्या पाइपला जोडण्याचा काळ लोखंडी पाइपांबरोबर संपला. आता पाइप प्लॅस्टिकचे आहेत, आणि धातूचे असले तरी तो धोका आपण शेजाऱ्याच्या नळापर्यंत पोहोचवतो. दुसरा उपाय म्हणजे पॉइंटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ एकमेकांना जोडणे. हे तर कधीच करू देऊ नये. मागे कुठे न्यूट्रल तुटला, तर ॲम्पचा संपूर्ण सांगाडा, आणि त्याबरोबर गिटारच्या ताराही, थेट फेजवर येतात.

कार्यालय हलले ते कूलरमुळे. मार्च सरला आणि नागपुरात घरोघरी कूलर खिडक्यांना लागले, टाक्यांत पाणी पडले, तसे इमारतीत ठिकठिकाणी कूलरच्या पत्र्याला हात लावताच झटके बसू लागले. तळमजल्यावरच्या काकूंना पाणी भरताना चांगलाच धक्का बसला. मी लगेच नवा अर्ज लिहिला. त्यात गिटारचा उल्लेखही केला नाही. कूलर, गीझर आणि वॉशिंग मशीन एवढेच लिहिले, ज्यांना झटके बसले त्यांच्या सह्या घेतल्या, तुटलेल्या पट्टीचे फोटो जोडले आणि परवानाधारक वीज ठेकेदाराकडून मोजमापाचा लेखी अहवाल घेऊन सोबत लावला. तो अहवाल पाहिल्यावर कार्यालयाचा सूर बदलला, कारण उद्या काही अघटित झाले तर कागद समितीसमोर होता. मी तो अर्ज रेटला याचा मला अभिमान आहे. अशा वेळी आपल्या ॲम्पचे नाव काढू नये, आपल्या मजल्याबाहेरच्या लोकांना सोबत घ्यावे, आणि पोच मिळेपर्यंत टेबलासमोरून उठू नये.

काम सुरू झाल्यावर ते झटपट झाले. जुना खड्डा शोधण्याऐवजी कुंपणाजवळ नवा घेतला, जीआय पाइपचा इलेक्ट्रोड पुरला, भोवती कोळसा आणि मिठाचे थर दिले, मीटर रूमपर्यंत नवी पट्टी आणली आणि वरून पाणी ओतण्यासाठी नरसाळे ठेवले. आमच्याकडच्या काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात, ती आकसून इलेक्ट्रोडपासून सुटते आणि अर्थिंग कमजोर होते. म्हणून एप्रिल-मे महिन्यांत त्या नरसाळ्यात नियमित पाणी घालणे आवश्यक आहे. मी घरात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबीही (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवून घेतली. त्यानंतर न्यूट्रल आणि अर्थमधील विद्युतदाब दोन व्होल्टांच्या आत आला आणि गिटारच्या ब्रिजची ती खरखर पूर्ण गेली. त्या संध्याकाळी मी किती तरी वेळ नुसते कोरे कॉर्ड वाजवत बसलो होतो.

थोडी हम उरली, पण ती पिकअपची. माझ्या गिटारला सिंगल कॉइल (एकाच कॉइलचे) पिकअप आहेत आणि ते खोलीतील ५० हर्ट्झचे चुंबकीय क्षेत्र पकडणारच. १९५५ मध्ये गिब्सन कंपनीत सेथ लव्हर यांनी हमबकर घडवला तो याचसाठी. त्यात दोन कॉइल अशा जोडलेल्या असतात की हम एकमेकींना मारते आणि तारांचा आवाज राहतो. घरात सर्वाधिक खरखर पंख्याच्या फिरवायच्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरची येत होती. त्याजागी कपॅसिटरवर चालणारा स्टेपचा रेग्युलेटर बसवल्यावर ती गेली. कूलरच्या मोटारीपासून शक्य तेवढे लांब बसावे, एवढेच त्यावर करता येते.

मांडणीबद्दल थोडेसे. ॲम्प फरशीवर आणि कोपऱ्यात ठेवला की बास फुगतो आणि ट्रेबल गुडघ्याला ऐकू येतो, कानाला नाही; मग आपण ट्रेबल वाढवत जातो आणि समोरच्याचे कान दुखतात. स्टुलावर, भिंतीपासून हातभर पुढे आणि किंचित मागे कललेला ठेवावा. बास, मिडल, ट्रेबल तिन्ही मध्यावर ठेवून सुरुवात करावी, आणि गेन आपल्याला हवा वाटतो त्याहून थोडा कमी. गेनबरोबर हमही वाढते. केबल तीन ते पाच मीटरची पुरते, त्याहून लांब केबलने आवाज मंद होतो. व्हॉल्व्ह ॲम्प घेतलाच, तर स्पीकर जोडल्याशिवाय तो कधीही सुरू करू नये, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. रात्री दहानंतर मी हेडफोनच लावतो.

इन्व्हर्टरचे सांगायचे राहिले. स्क्वेअर वेव्हचा इन्व्हर्टर असेल, तर वीज गेल्यावर ॲम्पमधून येणारी खरखर अर्थिंग कितीही चांगले असले तरी जात नाही. नवा घेणार असाल, तर प्युअर साइन वेव्हचाच घ्यावा. जुना असेल, तर वीज परत येईपर्यंत ॲम्प बंद ठेवावा.