पोत्यातले मोड्यूल

भंगारवाल्या मामूच्या लेखी तो ‘हिरवा टीव्ही’ होता. माझ्या लेखी टेक्ट्रॉनिक्स ७६०३, १०० मेगाहर्ट्‌झचा ॲनालॉग ऑसिलोस्कोप (व्होल्टेज कसा बदलतो ते पडद्यावर रेघेनं दाखवणारं यंत्र, थोडक्यात स्कोप), कुठल्याशा कॉलेजच्या लॅबमधून लिलावात निघालेला. शेजारी पोतंभर मोड्यूल, म्हणजे त्यात खुपसायचे सुटे भाग. या मालिकेत नुसता डबा काहीच मोजत नाही. ७६०३ ला तीन कप्पे: डावीकडच्या दोनांत सिग्नल मोठा करणारे ॲम्प्लिफायर, उजवीकडे टाइमबेस, म्हणजे रेघ आडवी किती वेगानं धावेल ते ठरवणारा. जे खुपसाल तसा स्कोप.

पाठीमागचं व्होल्टेजचं सेटिंग ११५ वर नाही ना, ते आधी बघून घेतलं, मग पिन लावली. रेघ बारीक आली, पडद्यावर जळका डाग नाही. पॉवर सप्लाय लिनियर, म्हणजे उद्या बिघडला तरी ट्रान्सफॉर्मर, डायोड, ट्रान्झिस्टर ही ओळखीचीच मंडळी.

“अण्णा, हा न्या. पाचशेवाला!” मामूनं ७बी९२ए पुढे केला. टाइमबेस ५०० मेगाहर्ट्‌झचा खरा, पण डबाच १०० चा. मी ७बी५३ए काढला. दोन चॅनेलसाठी ७ए२६, त्यात विचार कसला! खरी ओढाताण उरलेल्या कप्प्यासाठी. ७ए२२ पडद्यावरच्या जाळीच्या एका घराला १० मायक्रोव्होल्ट दाखवतो, हात वळवळला. पण त्याची बँडविड्थ (किती वेगाचे सिग्नल झेपतात ती मर्यादा) १ मेगाहर्ट्‌झ, आणि इतके बारीक सिग्नल अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत माझ्याकडे कोण आणतं? मी ७ए१३ घेतला.

कारण टॉवेलच्या एका मागाचं कंट्रोल कार्ड डोकं खात होतं. माग मध्येच थांबायचा, कार्ड माझ्या टेबलावर मात्र गुणी बाळ. मीटरवर ५ व्होल्ट स्थिर. ७ए१३ इनपुटमधून आपण ठरवू तेवढा डीसी व्होल्टेज वजा करतो आणि उरलेला फरकच मोठा करून दाखवतो. रिपल, म्हणजे डीसीवरची बारीक लहर, एसी कपलिंगवरही (डीसी अडवून फक्त बदल दाखवणं) दिसतो म्हणा, पण हळू बसणारा व्होल्टेज तिथे फसवतो, आणि मूळ पातळी कळतच नाही.

स्कोप थेट कारखान्यात नेला. ५ व्होल्ट वजा केले, एका घराला ५० मिलिव्होल्ट ठेवले, टाइमबेस संथ. मागाचा सोलेनॉइड (विजेनं खेचणारी कॉइल) ओढला की रेघ सहा घरं खाली. म्हणजे ४.७ व्होल्ट! कार्डावरच्या टीटीएल (५ व्होल्टवर चालणाऱ्या) आयसींना ४.७५ च्या खाली भरवसा नाही. व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या रेग्युलेटरच्या आधीचा कपॅसिटर आतून वाळला होता. फुगलेला नव्हता, म्हणून नजरेनं कधीच सापडला नसता. सोलापूरचा उन्हाळा आणि पॅनलवर साचलेलं सुताचं तूस, दुसरं काय होणार?

नवा टाकल्यावर रेघ अर्धं घरही हलेना. मालक म्हणाले, “आता बाकीचे माग पण बघून टाका.” पोरांनी स्कोप ट्रॉलीवर चढवला, दोन मागांच्या मधल्या बोळातून ढकलत नेला. जेवणाच्या सुट्टीआधी दुसरा सापडला.