आमची वाटचाल: मुलांना आधी सगळं नाचून बघू दे

क्लास सुरू केला तेव्हा आमच्याकडे फक्त कथक होतं, कारण मला तेच येत होतं. भाड्याचा हॉल, एक स्पीकर, घुंगरांची पिशवी आणि शेजारपाजारच्या, ओळखीच्यांच्या मुली. पहिलं वर्ष छान गेलं. दुसऱ्या वर्षी रजिस्टर उघडून बसले तर निम्म्याहून जास्त नावांपुढे रेघ मारलेली. पालकांना फोन केले तर बहुतेकांचं उत्तर एकच, "तिला डान्स आवडत नाही हो." मला ते पटेना, कारण यातल्या कितीतरी मुली क्लास सुटला की जिन्यावर कुठल्यातरी गाण्यावर मनापासून नाचत असायच्या, मी स्वतः बघितलंय. म्हणजे डान्स आवडत होता, आम्ही देत होतो ती स्टाइल त्या वयात त्यांना लागू पडत नव्हती, आणि दुसरी कुठली स्टाइल बघायची सोयच आम्ही ठेवली नव्हती.

तेव्हा माझी मैत्रीण, आताची पार्टनर, हिपहॉप शिकवायची. दोघींनी एकत्र यायचं ठरवलं, मग हळूहळू भरतनाट्यम, बॅले, टॅप (बुटाच्या पट्ट्या जमिनीवर वाजवत ताल धरायचा नाच) आणि कंटेम्पररीचे शिक्षक जोडले गेले. लिहायला एक ओळ लागली पण यात चार वर्षं गेली.

खरा बदल झाला तो आम्ही फिरती टर्म सुरू केली तेव्हा. आठ ते अकरा वयाच्या मुलांनी पहिल्या टर्मला कुठलीच स्टाइल निवडायची नाही, प्रत्येक स्टाइल चार आठवडे करायची आणि मग ठरवायचं. पाच ते सात वाल्यांना तर स्टाइल हा शब्दच नको, त्यांना नुसतं उड्या, थांबणं, टाळीवर चालणं, हळू आणि जलद यातला फरक अंगात उतरवणं एवढंच. पालकांचा विरोध भरपूर झाला, "चार आठवड्यात काय येणार?" असं सगळे विचारायचे. येत काहीच नाही, खरंय, पण आपलं अंग कशात खुलतं हे मुलाला कळतं, आणि माझ्या मते त्या वयात तेच हवं असतं.

एक मुलगा आठवतो, दहा वर्षांचा. फक्त हिपहॉपसाठी आलेला, घरी मोबाईलवर बघून बघून दोन-तीन मूव्ह बसवलेल्या. पण हिपहॉपमध्ये सायफर असतो, म्हणजे सगळे गोल करून उभे राहतात आणि एकेकाने मध्ये जाऊन मनाने नाचायचं. त्याची पाळी आली की हा खिशात हात घालून उभा, कान लाल झालेले. दोनदा तसंच झालं, तिसऱ्या वेळी पोट दुखतं म्हणून आलाच नाही. मग फिरत्या टर्ममध्ये भरतनाट्यमचे चार आठवडे आले. अरमंडी, म्हणजे गुडघे बाहेर उघडून अर्धं बसणं, आणि त्यात तट्ट अडवु, नुसते पाय आपटायचे, आधी विलंबित मग दुप्पट मग चौपट. मोठ्या मुली मांड्या भरून आल्या म्हणून उठायच्या आणि हा खाली बसलेलाच, नजर समोर, मॅडमच्या लाकडी काठीच्या ठोक्यावर टाच बरोब्बर पडतेय. मी विचारलं, आवडतंय का रे? तर म्हणाला, "यात पुढे काय करायचं ते मला माहीत असतं." घरच्यांना तो भरतनाट्यम करणार हे पचायला वेळ लागला, दोन मीटिंगा झाल्या, पण मुलगा हटला नाही. दोन वर्षांनी तोच मुलगा आपणहून सायफरमध्ये गेला, आणि पायाचं काम असं पक्कं की बाकीची मुलं बघत राहिली. मला ह्या मुलाने जे शिकवलं ते कुठल्या वर्कशॉपने शिकवलं नाही. आम्ही सगळे धरून चालतो की चळवळ्या मुलाला हिपहॉप आणि शांत मुलीला क्लासिकल, आणि बऱ्याचदा ते उलटं निघतं!

प्रत्येक स्टाइल कुठून आली हे आम्ही मुलांना सांगतोच. हिपहॉपची गोष्ट त्यांची सगळ्यात लाडकी, 11 ऑगस्ट 1973, न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधली एक बिल्डिंग, तिथे एका मुलीला शाळेसाठी नवे कपडे घ्यायचे होते म्हणून तिने पार्टी ठेवली आणि गाणी लावायला भाऊ उभा राहिला, तो डीजे कूल हर्क. गाण्यातला फक्त वाद्यांचा तुकडा, ब्रेक, त्यावर लोक जास्त नाचतात हे त्याने हेरलं होतं, म्हणून दोन रेकॉर्डवर तोच तुकडा लांबवत राहिला, आणि त्या ब्रेकवर नाचणारे ते बी-बॉय, बी-गर्ल. टॅपमध्ये आफ्रिकन ताल आणि आयरिश, इंग्लिश पायकाम कसं एकमेकांत मिसळलं ते सांगितलं की कथकवाली मुलं लगेच म्हणतात, आमच्या ततकारासारखंच की, म्हणजे कथकमधल्या पायाच्या ठोक्यांसारखं. आणि बॅलेतले शब्द फ्रेंच का, तर 1661 मध्ये फ्रान्सच्या राजाने, चौदाव्या लुईने, नृत्याची अकादमी काढली तेव्हापासून तिथेच सगळी घडी बसली. प्लिए म्हणजे नुसतं वाकवलेलं हे कळलं की मुलांची शब्दाची भीती जाते.

चुका पण सांगते. सुरुवातीचा हॉल म्हणजे सिमेंटवर टाइल्स. कथकला चालून गेलं, पण हिपहॉप आणि बॅलेच्या उड्या सुरू झाल्यावर मुलांच्या नडग्या दुखायला लागल्या, आम्ही समजलो सवय नाही म्हणून. एका फिजिओथेरपिस्टने येऊन फ्लोअरवर नुसती टाच आपटली आणि सांगितलं की हा फ्लोअर धक्का शोषत नाही, सगळा पायात जातो. त्या वर्षी वार्षिक कार्यक्रम रद्द करून तो पैसा फ्लोअरमध्ये घातला, खाली फोम, वर प्लायवूड. आजवरचा सगळ्यात चांगला खर्च तोच. टॅपसाठी वेगळ्या फळ्या केल्या, कारण बुटाच्या धातूच्या पट्ट्यांनी चांगला फ्लोअर ओरखडतो.

टोकावर उभं राहायच्या बॅलेच्या बुटांवरून, पॉइंट शूजवरून, एक अ‍ॅडमिशन गेली. मुलगी नऊ वर्षांची, आईला तेच हवं होतं. पायाची हाडं वाढत असतात, घोट्यात आणि पोटात ताकद यावी लागते, साधारण अकरा-बाराच्या पुढे आणि तेही काही वर्षं नियमित बॅले करून शिक्षकाने हो म्हटल्यावरच ते बूट घालायचे असतात. आम्ही नाही म्हणालो, त्या दुसरीकडे गेल्या. परत तीच वेळ आली तरी नाहीच म्हणू.

बारा ते चौदा हे वय आमच्यासाठी सगळ्यात नाजूक. अचानक उंची वाढते, हाडं पुढे आणि स्नायू मागे राहिल्यासारखं होतं, काल आरामात स्प्लिट करणारी मुलगी आज अर्ध्यात अडकते, चक्कर घेताना तोल जातो, काहींना वाटीच्या खाली गुडघा दुखतो. आणि ती पोरं मनातल्या मनात ठरवून टाकतात की मला आता जमत नाही. अशा वेळी आम्ही उड्या कमी करतो, दुखणं राहिलं तर डॉक्टरकडे पाठवतो, आणि कंटेम्पररीकडे वळवतो, तिथे जमिनीवर लोळून, श्वासाबरोबर करायचं काम जास्त, आरशातली परफेक्ट पोझ कमी. पालकांना पण आता लेखी कळवतो की हा काळ जातो, क्लास सोडवू नका.

2020 च्या लॉकडाऊनमध्ये वाटलं संपलं सगळं. क्लास ऑनलाइन घेतले तर आवाज मागेपुढे पोचायचा, सगळ्यांचे माइक चालू ठेवले तर तीनतालाच्या सोळा मात्रांचा नुसता गोंधळ, आणि आरसा-व्हिडिओमुळे डावं-उजवं कळेना. मग स्क्रीनच्या चौकटीत जे नीट दिसतं तेच घेतलं, हात आणि चेहरा. अभिनयदर्पण या नृत्यावरच्या जुन्या संस्कृत ग्रंथातल्या एका हाताच्या 28 मुद्रा आणि पॉपिंग या झटक्यांच्या डान्समधलं एकेक सांधा वेगळा हलवणं, दोन्हीला जागा लागत नाही. मुलांनी काय केलं, पताक (उघडा पंजा) ते मुष्टी (मूठ) जाताना मध्ये पॉपिंगचा झटका टाकला. भरतनाट्यमच्या मॅडम काय म्हणतील याची मला धास्ती होती, त्या म्हणाल्या, मुद्रा स्वच्छ येतेय, करू दे.

2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ब्रेकिंग, म्हणजे बी-बॉय, बी-गर्लचा तोच डान्स, आलं तेव्हा चौकशीचे फोन एकदम वाढले आणि सगळ्यांना डोक्यावर फिरायचं होतं. आम्ही आधी टॉपरॉक (उभ्याने करायच्या स्टेप) आणि साधे फ्रीज (एका पोझमध्ये थांबणं) घेतो, मान आणि खांदे तयार होईपर्यंत हेडस्पिन नाही. काही कंटाळून गेले, राहिले ते छान करतायत.

सध्या ओडिसीसाठी शिक्षिका शोधतोय. चौक आणि त्रिभंग, त्यातल्या उभं राहायच्या दोन मुख्य ढबी, मी फोटोंवरून दाखवते, पण फोटोत कंबर, मान आणि गुडघा कुठे वळलाय तेवढंच दिसतं, तिथपर्यंत अंग कसं पोचतं ते दिसत नाही, आणि मुलं नेमकं तेच विचारतात. त्या आल्या की फिरत्या टर्ममध्ये अजून चार आठवडे वाढतील, वेळापत्रक परत मांडावं लागेल, टॅपच्या फळ्या ठेवायच्या खोलीत पण बॅच बसवावी लागेल बहुतेक.