घरखर्चातून उघडणारे लाउंजचे दार

भारतातल्या बऱ्याच क्रेडिट कार्डांवर विमानतळावरच्या लाउंजचा, म्हणजे जेवण आणि आरामात बसण्याची सोय असलेल्या प्रतीक्षाकक्षाचा, मोफत प्रवेश हवा असेल, तर आता कार्ड नुसते जवळ असून भागत नाही. प्रवासाच्या आधीच्या तिमाहीत त्याच कार्डावर ठरावीक रकमेचा खर्च झालेला असावा लागतो. हा बदल होऊन बराच काळ लोटला आहे. तरीही लाउंजच्या दारात कार्ड नाकारले गेल्यामुळे गोंधळून परत फिरणारी माणसे मला जवळजवळ प्रत्येक प्रवासात दिसतात, आणि त्यांत वयस्कर माणसे असली की फार वाईट वाटते. वर्षातून दोन-तीनदा विमानाने जाणाऱ्या मध्यमवर्गीय घराला हा प्रवेश मिळवण्यासाठी एक रुपयाही जास्तीचा खर्च करावा लागत नाही. घरात होणारच असलेला किरकोळ खर्च योग्य महिन्यांत, योग्य कार्डावर वळवणे एवढेच करायचे असते.

लाउंज ही चैन आहे, असे काही जणांना वाटते. तरुण, धडधाकट माणसाच्या बाबतीत ते खरेही असेल. माझे आई-बाबा सत्तरी ओलांडलेले आहेत आणि बाबांना मधुमेह आहे. बहीण दिल्लीत असल्यामुळे त्यांचे पुणे-दिल्ली येणे-जाणे चालू असते. वेळेवर मिळणारे गरम जेवण, पाठ टेकता येईल अशी खुर्ची आणि जवळ असलेले स्वच्छ स्वच्छतागृह या तीन गोष्टींनी त्यांच्या प्रवासाचा अर्धा शीण कमी होतो. म्हणून मी या विषयात लक्ष घातले आणि आता आमच्या घरी त्याचे नीट नियोजन असते.

आधी बदल कसा झाला ते पाहू. एचडीएफसी बँकेने १ डिसेंबर २०२३ पासून रेगालिया आणि मिलेनिया या कार्डांवरचा लाउंज-प्रवेश तिमाहीतल्या १ लाख रुपयांच्या खर्चाशी जोडला. आयसीआयसीआय बँकेने १ एप्रिल २०२४ पासून अनेक कार्डांसाठी आधीच्या तिमाहीत ३५,००० रुपयांच्या खर्चाची अट घातली आणि त्याच वर्षी १५ नोव्हेंबरपासून ती ७५,००० रुपयांवर नेली. ॲक्सिस बँकेने १ मे २०२४ पासून बऱ्याच कार्डांना आधीच्या तीन महिन्यांत ५०,००० रुपयांची अट लावली, तर येस बँकेची अट एप्रिल २०२४ मध्ये अवघ्या १०,००० रुपयांपासून सुरू झाली. हे आकडे त्या त्या वेळचे आहेत आणि बँका ते बदलत असतात, म्हणून आपल्या कार्डाची आजची अट बँकेच्या संकेतस्थळावरच पाहावी. चारही बँकांनी साधारण सहा महिन्यांच्या आत एकच वाट धरली, ही गोष्ट मला आकड्यांपेक्षा अधिक बोलकी वाटते.

यामागचे कारण समजून घेतले तर बँकांवर राग धरावासा वाटत नाही. आपण लाउंजमध्ये फुकट जेवतो असे आपल्याला वाटते, पण प्रत्येक प्रवेशाचे पैसे बँक किंवा व्हिसा, मास्टरकार्ड, रूपे यांसारखे कार्ड-जाळे लाउंज चालवणाऱ्याला देत असते. करोनाची साथ ओसरल्यावर विमानप्रवास झपाट्याने वाढला, वार्षिक शुल्क नसलेल्या किंवा अगदी नाममात्र शुल्काच्या कार्डांवरही ही सोय असल्याने लाउंजबाहेर रांगा लागू लागल्या आणि वर्षभर कपाटात पडून राहून फक्त प्रवासाच्या दिवशी बाहेर येणारी कार्डे बँकांना परवडेनाशी झाली. कार्ड वापरणाऱ्यालाच सोय द्यायची, हा निर्णय मला तरी न्याय्य वाटतो. अटी वरचेवर वाढवत नेणे मात्र न्याय्य नाही, कारण घरखर्चाचे नियोजन असे वरचेवर बदलता येत नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो, तो म्हणजे तिमाहीचे गणित. बहुतेक ठिकाणी वर्षाच्या चार सरळ तिमाही धरल्या जातात. जानेवारी ते मार्चच्या खर्चावर एप्रिल ते जूनचा प्रवेश मिळतो, एप्रिल ते जूनच्या खर्चावर जुलै ते सप्टेंबरचा, आणि असेच पुढे. मराठी घराच्या वर्षाशी हे कोष्टक ताडून पाहिले, तर ते आपल्या बरेच सोयीचे आहे. दसरा-दिवाळीची खरेदी बहुतेक वर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये होते. कपडे, फराळाचे सामान, घरातली एखादी नवी वस्तू, भाऊबीजेची ओवाळणी म्हणून घेतलेली भेट हे सारे एका कार्डावर गेले, तर जानेवारी ते मार्चचा प्रवेश आपोआप पदरात पडतो, आणि जानेवारीत दिल्लीच्या धुक्यामुळे विमाने तासन्तास उशिरा सुटतात तेव्हाच त्याची सर्वांत जास्त गरज असते. एप्रिल ते जूनमध्ये शाळेची फी, वह्या-पुस्तके, गणवेश आणि आंब्यांच्या पेट्या येतात. त्यांवर जुलै ते सप्टेंबर उघडतो, म्हणजे बंगळूरू किंवा दिल्लीहून गोव्यातल्या मोप्याच्या विमानतळावर उतरून गणपतीला गावी जाणाऱ्यांची आणि त्यांच्या परतीची सोय होते. अडचण येते ती मे महिन्याच्या सुट्टीसाठी. तिला जानेवारी ते मार्चचा खर्च लागतो, आणि हे महिने तुलनेने कोरडे असतात. आम्ही आरोग्यविम्याचा हप्ता मुद्दाम याच काळात येईल असा ठेवला आहे आणि सुट्टीची विमान-तिकिटेही मार्च संपण्याआधी त्याच कार्डावर काढतो. विम्याचा हप्ता धरला जातो की नाही हे प्रत्येक बँकेत वेगळे असते, तेवढे आधी पाहून घ्यावे.

मोठ्या खर्चांइतकेच महत्त्व छोट्या खर्चांना आहे, आणि इथे गेल्या काही वर्षांत एक खरी सोय झाली आहे. रिझर्व्ह बँकेने जून २०२२ मध्ये रूपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडण्याची परवानगी जाहीर केली आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ही सेवा सुरू झाली. तेव्हापासून स्वाइप मशीन नसलेल्या किराणा दुकानात, औषधांच्या दुकानात, डेअरीत किंवा इस्त्रीवाल्याकडे क्यूआर कोड स्कॅन करून क्रेडिट कार्डातून पैसे देता येतात. अट एवढीच की समोरचा क्यूआर दुकानाच्या नावाने नोंदवलेला असावा. एखाद्याच्या वैयक्तिक खात्यावर अशा रीतीने पैसे पाठवता येत नाहीत. दुधाचे, भाजीचे, वाण्याचे पैसे असे कार्डावर जाऊ लागले की महिनाअखेरीची बेरीज पाहून आश्चर्य वाटते. १०,००० रुपयांची अट असलेल्या कार्डाला तर तिमाहीभराचा निम्मा किराणाही पुरतो. ५०,००० ची अट म्हणजे महिन्याला सुमारे १६,७०० रुपये. किराणा, वीजबिल, मोबाइल, इंटरनेट, औषधे आणि एखाद्या रविवारचे बाहेरचे जेवण यांतून पुण्यातल्या चौघांच्या घरात एवढे होऊन जातात. ७५,००० ला मात्र सणाचा किंवा फीचा आधार लागतो.

ही बेरीज करताना काय मोजले जात नाही, ते माहीत असायलाच हवे. कार्डावरून काढलेली रोख रक्कम, बँकेचे शुल्क, व्याज आणि दंड कुठेच धरत नाहीत. घरभाडे, वॉलेटमध्ये भरलेले पैसे, इंधन, सरकारी देणी आणि हप्त्यांवर घेतलेल्या वस्तू यांच्याबाबत प्रत्येक बँकेचा नियम निराळा आहे. मिळकतकर कार्डाने भरून पात्रता मिळेल असे गृहीत धरू नये. परत केलेल्या वस्तूची रक्कम वजा होते. खर्च दर कार्डावर स्वतंत्र मोजला जातो, त्यामुळे दोन कार्डांवर चाळीस-चाळीस हजार खर्च करणाऱ्याच्या हाती काहीच न लागण्याची शक्यता असते. शिवाय ३० किंवा ३१ तारखेला केलेला व्यवहार बँकेत पक्का होईपर्यंत पुढची तिमाही लागलेली असू शकते. म्हणून शेवटच्या आठवड्यात धावपळ करण्याऐवजी तिसऱ्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत रक्कम गाठावी आणि वर थोडी अधिक ठेवावी, असे मी सांगेन.

पात्रता मिळाली की पुढचे सोपे असते, पण काही बारकावे आहेत. लाउंजच्या टेबलावर कार्ड मशीनला लावतात आणि २ रुपयांसारखी नाममात्र रक्कम वजा होते. ती फी नसून पात्रता तपासण्याची पद्धत आहे, म्हणून कार्डाची ऑनलाइन किंवा मशीनवरची सोय बंद करून ठेवली असेल तर आधी ती चालू करावी. काही बँका याऐवजी व्हाउचर देतात, जे प्रवासाआधी मागून घ्यावे लागते. प्रवेश सहसा कार्डधारकापुरताच असतो, सोबतच्या माणसाचे पैसे वेगळे लागतात. आई आणि बाबा दोघांनाही आत जाता यावे यासाठी आम्ही दोघांच्या नावावर वेगवेगळी कार्डे ठेवली आहेत: बाबांच्या कार्डावर वीज, फोन आणि औषधे, आईच्या कार्डावर किराणा आणि सणाची खरेदी. काही बँकांत पुरवणी कार्डालाही, म्हणजे मूळ कार्डाला जोडून घरच्या माणसासाठी घेतलेल्या कार्डालाही, प्रवेश मिळतो, पण तो मूळ कार्डाच्याच मोफत भेटींच्या कोट्यातून जातो.

हे सारे करून मिळते किती, याचा हिशेब मी दरवेळी मांडतो. लाउंजचे पैसे दारात भरायचे म्हटले तर माणशी साधारण हजार रुपये किंवा त्याहून अधिक लागतात. एखाद्या कार्डावर ७५,००० रुपये खर्च करून एकच प्रवेश मिळत असेल आणि दुसरे कार्ड त्याच खर्चावर एक टक्का अधिक परत देत असेल, तर आपण ७५० रुपये सोडून हजाराची सोय घेतो आहोत. ज्या तिमाहीपुढे प्रवासच नाही, त्या तिमाहीत असा खर्च वळवण्यात काही अर्थ नाही. तेव्हा पैसे परत देणारे कार्ड वापरावे. आणि बिल पूर्ण भरता येणार नसेल, तर या वाटेला जाऊच नये. थकलेल्या रकमेवर बहुतेक कार्डांचे व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे वर्षाला चाळीस टक्क्यांच्या वर जाते, आणि एका महिन्याची थकबाकी वर्षभरातल्या सगळ्या लाउंज-भेटी गिळून टाकते.

आणखी एक गोष्ट प्रवासाच्या आदल्या दिवशी तपासावी. बँक आणि लाउंज यांच्यामध्ये व्यवहार जुळवणाऱ्या कंपन्या असतात. या क्षेत्रातल्या ड्रीमफोक्स या सर्वांत मोठ्या कंपनीने सप्टेंबर २०२५ मध्ये देशांतर्गत विमानतळांवरची लाउंज-सेवा बंद केली, आणि बँकांना आपली व्यवस्था नव्याने लावावी लागली. त्यामुळे गेल्या वर्षी ज्या लाउंजमध्ये कार्ड चालले, तिथे ते यंदाही चालेलच असे नाही. बँकेच्या ॲपमध्ये किंवा संकेतस्थळावर लाउंजची यादी विमानतळ आणि टर्मिनलनुसार दिलेली असते. मुंबई-दिल्लीसारख्या ठिकाणी एकाच विमानतळावर अनेक टर्मिनल असल्यामुळे तिकिटावरचा टर्मिनल क्रमांक त्या यादीशी जुळवून पाहावा, देशांतर्गत आणि आंतरराष्ट्रीय लाउंज वेगवेगळे असतात हेही ध्यानात ठेवावे, आणि वयस्कर माणसे एकटी जाणार असतील तर लाउंजचे नाव व गेट क्रमांक मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून कार्डासोबत द्यावा.