हिवाळा कुठे काढायचा? यंदाच्या मुक्कामाची नोंदवही

ऑगस्ट अखेर

यंदा ठरलं. जानेवारी-फेब्रुवारी मिनेसोटात काढायचे नाहीत. मिनियापोलिसला जानेवारीत दुपारचं सरासरी तापमान २४च्या आसपास आणि पहाटेचं एक आकडी असतं. (सगळे आकडे फॅरनहाइटमध्येच देतेय. ३२ म्हणजे आपलं शून्य, ५० म्हणजे १०, ७० म्हणजे २१.) बर्फ उपसायची हौस केव्हाच फिटलीय. आता दोघंही रिटायर झालो, तर आपली राहायची गाडी, म्हणजे आरव्ही, ताडपत्रीखाली झाकून आपण खिडकीतून तिच्याकडे बघत बसायचं, हे काही खरं नाही.

रिग आपली तीच, फोर्ड ई-४५०वरची २५ फुटी क्लास सी (चालकाच्या केबिनमागे घर बसवलेली). गोड्या पाण्याची टाकी ४० गॅलन, भांडी-आंघोळीच्या सांडपाण्याची (ग्रे) ३२, टॉयलेटची (ब्लॅक) ३०. छपरावर ४०० वॅट सोलर, जेवायच्या बाकाखाली २०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी, आणि गाडी उबदार ठेवायला प्रोपेनवरची ३०,००० बीटीयूची फर्नेस. हे आधीच सांगून ठेवते, कारण जागा कुठली ते शेवटी यावरच ठरणार आहे.

पहिल्या यादीत पाच नावं: फ्लोरिडा, अलाबामाचा गल्फ किनारा, टेक्सासची रिओ ग्रँडे व्हॅली, दक्षिण न्यू मेक्सिको आणि दक्षिण अ‍ॅरिझोना. गल्फ किनारा पहिल्याच दिवशी गळला. जानेवारीत दुपारी साठीच्या आसपास, वर पाऊस आणि समुद्रावरचा वारा. बर्फापासून सुटका झाली, पण स्वेटर काही उतरला नाही!

फ्लोरिडाबद्दल भाचा सारखा म्हणतोय, "मावशी, सरळ कीजला जा ना, एवढा विचार कशाला?" कीज म्हणजे फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाची बेटं, आणि त्याचं म्हणणं हवामानापुरतं अगदी बरोबर आहे. की वेस्टला आजवर नोंदलेलं सर्वांत कमी तापमान ४१, तेही दोनदाच, १८८६ आणि १९८१ साली. तिथे दव गोठल्याची नोंदच नाही. अडचण आहे ती जागेची. बाहिया होंडासारख्या स्टेट पार्कांचं बुकिंग फ्लोरिडाच्या रहिवाशांना ११ महिने आधी उघडतं आणि २०२४पासून बाकीच्यांना १० महिने आधी. म्हणजे बाकीच्यांची पाळी यायच्या आत स्थानिकांचा एक महिना होऊन गेलेला असतो. आम्ही ऑगस्टमध्ये जागे झालोय. खासगी पार्कांचे दर बघितले आणि फ्लोरिडा पुढल्या वर्षावर ढकलला.

सप्टेंबर

हा महिना रात्रींच्या हिशेबात गेला. बहुतेक जण दुपारचं तापमान बघून जागा निवडतात. पण दुपारी आपण बाहेर खुर्ची टाकून बसलेले असतो, तेव्हा ६२ काय आणि ७० काय, उन्हात सारखंच. गाडी कसाला लागते ती रात्री.

आमच्या गाडीचा अनुभव असा: बाहेर ४५ असेल तर फर्नेस तासातली साधारण १५ मिनिटं चालते, २८ असेल तर अर्धा तास. डिसेंबरातली रात्र १२ तासांची धरा. ४५च्या रात्री फर्नेस तीन तास चालली, २८च्या रात्री सहा. ३०,००० बीटीयूची फर्नेस तासाला गॅलनाचा एक तृतीयांश प्रोपेन खाते, म्हणजे एका रात्रीत एक गॅलन, दुसऱ्या रात्रीत दोन. आमच्या टाकीत वापरता येण्याजोगे ११ गॅलन. उबदार जागी अकरा दिवस जातात, थंड जागी सहाव्या दिवशी गाडी उचलून प्रोपेन भरायला जा. शिवाय फर्नेसचा पंखा ८ अँपिअर ओढतो. सहा तासांचे ४८ अँपिअर-अवर झाले, म्हणजे पाव बॅटरी नुसती पंख्यात गेली.

ती भरून निघणार सोलरवर, आणि डिसेंबरातला सूर्य कंजूष असतो. २१ डिसेंबरला क्वार्ट्झसाइटला भर दुपारीही तो क्षितिजापासून जेमतेम ३३ अंश वर येतो (आमच्याकडे मिनेसोटात २२च). छपरावर सपाट झोपवलेल्या पॅनलवर ऊन तिरकं पडतं, त्यामुळे ४०० वॅटमधून दिवसाला शंभरेक अँपिअर-अवर मिळाले तरी मी खूश. पॅनल दक्षिणेकडे कलते करायचे ब्रॅकेट घेतलेत. आणखी एक: लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी ३२च्या खाली चार्ज करता येत नाही, तिच्यावर लक्ष ठेवणारं आतलं सर्किट (बीएमएस) चार्जिंग तोडतं. आमची आत, उबेत आहे. ज्यांची बाहेरच्या कप्प्यात आहे त्यांनी गोठणाऱ्या रात्रींची जागा निवडताना हे आधी तपासावं.

म्हणून नकाशावर मी दक्षिण बघायचं सोडलं आणि उंची बघायला लागले. हजार फूट वर गेलं की साधारण साडेतीन अंश गेले, हा ठोकताळा. न्यू मेक्सिकोत लोक नेमके इथेच फसतात. लास क्रूसेस मेक्सिकोच्या सीमेपासून फार लांब नाही, नाव ऐकूनच ऊन लागतं. पण शहर ३,९०० फुटांवर, डेमिंग ४,३००वर आणि एलिफंट ब्यूटचा तलाव त्याच्याही थोडा वर. दुपार छान, आणि पहाटे पाण्याचा होज काठीसारखा ताठ. अ‍ॅरिझोनातही तेच. टूसॉन २,४०० फूट, बिस्बी पाच हजारांच्या वर, फ्लॅगस्टाफ जवळजवळ ७,०००, तिथे स्कीइंग चालतं. याउलट क्वार्ट्झसाइट ९००च्या आत आणि युमा दीडशेच्या आत. एकाच राज्यात सगळे ऋतू एका वेळी.

न्यू मेक्सिको गळलं. मार्चसाठी मात्र मनात ठेवलंय.

ऑक्टोबरचा पहिला आठवडा

आता खरी लढत टेक्सास आणि अ‍ॅरिझोनाची, आणि ती घरातच जुंपलीय. माझं माहेर नागपूर, मला कोरडी हवा मानवते. नवरा दादरचा. त्याला हवेत दमटपणा नसला की ओठ फुटतात, नाक सुकतं आणि मग दिवसभर ऐकून घ्यावं लागतं. त्याचं मत अर्थातच रिओ ग्रँडे व्हॅलीला.

आणि व्हॅलीची बाजू लंगडी अजिबात नाही. मॅकॅलन, मिशन, हार्लिंजन हा पट्टा २६ अक्षांशावर, समुद्रसपाटीला लागून. जानेवारीत दुपारी सत्तरी, रात्री पन्नाशीच्या आसपास. म्हणजे फर्नेसला बहुतेक रात्री सुट्टी. उत्तरेकडून येणाऱ्यांना तिथे 'विंटर टेक्सन' म्हणतात आणि त्यांच्यासाठी पार्कच्या पार्क उभी आहेत: पूर्ण हुकअप (वीज, पाणी आणि सांडपाण्याची जोडणी), पोहण्याचा तलाव, पत्ते, पॉटलक, शनिवारी नाच. लालबुंद गराची ग्रेपफ्रूट रस्त्याच्या कडेला पोत्याने. पक्षी बघणाऱ्यांना तर स्वर्गच. मिशनच्या बेन्टसेन स्टेट पार्कात हिरवा जे आणि चाचालाका हे अमेरिकेत बाकी कुठे सहसा न दिसणारे पक्षी सकाळी चहाच्या वेळेला समोर येतात. नवऱ्याने दुर्बीण पुसून ठेवली होती.

दोन गोष्टी आडव्या आल्या. एक म्हणजे ढग. व्हॅलीत हिवाळ्यात मळभ आणि रिमझिम बरीच. हुकअपवर राहणाऱ्याला फरक पडत नाही, पण आम्हाला सोलरवर राहायचंय, तोच तर शौक आहे. दुसरी 'नॉर्दर', उत्तरेकडून येणारी थंड लाट. कॅनडापासून तिथपर्यंत आडवा डोंगर नाही, त्यामुळे दुपारी ८० असलेलं तापमान काही तासांत तीसेक अंशांनी कोसळतं. फेब्रुवारी २०२१ची लाट थेट व्हॅलीपर्यंत उतरली. वीज गेली, पाइप फुटले, आणि साउथ पाद्रे बेटावर थंडीने बधिर झालेली हजारो समुद्री कासवं लोकांनी उचलून कन्व्हेन्शन सेंटरच्या फरशीवर ओळीने मांडून ठेवली. तशी लाट रोज येत नाही, हे नवऱ्याचं म्हणणं मला मान्य आहे. ढगांचं उत्तर मात्र त्याच्याकडे नव्हतं.

ऑक्टोबर संपता संपता

अ‍ॅरिझोना. आता जरा सविस्तर, कारण नवीन मंडळींना एलटीव्हीए हा प्रकार माहीत नसतो.

बीएलएम म्हणजे केंद्र सरकारच्या जमिनीचं खातं. त्यांच्या मोकळ्या वाळवंटात एरवी १४ दिवस फुकट राहता येतं, मग गाडी दूर हलवावी लागते. हिवाळी पाहुण्यांची गर्दी वाढली तेव्हा त्यांनी १९८३ साली काही भाग लांब मुक्कामासाठी राखून ठेवले, तेच हे एलटीव्हीए. हंगाम १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल. पूर्ण हंगामाचा परवाना बरीच वर्षं १८० डॉलर होता आणि १४ दिवसांचा ४०. निघण्यापूर्वी चालू दर बघून घ्या. एकच परवाना सगळ्या एलटीव्हीएंत चालतो, आणि आमच्यासाठी हीच त्याची खरी किंमत. बुकिंग नाही, आखलेल्या जागा नाहीत. मनाला येईल तिथे गाडी सपाट करा आणि तोंड हव्या त्या दिशेला ठेवा. हुकअप अर्थातच नाही.

क्वार्ट्झसाइटचा ला पोसा हा त्यातला सर्वांत प्रसिद्ध, ११,४०० एकरांचा. पाणी आणि डंप स्टेशन (सांडपाणी ओतायची जागा) आत, गाव शेजारी, आय-१० महामार्ग हाकेच्या अंतरावर. जानेवारीत तिथल्या मोठ्या तंबूत आरव्ही शो भरतो तेव्हा गावाला जत्रेची कळा येते. ट्रॅफिक, धूळ, रात्रभर कुणाचा ना कुणाचा जनरेटर. काहींना तेच हवं असतं. गावच्या दफनभूमीत हाय जॉलीचं पिरॅमिडच्या आकाराचं स्मारक आहे, वर उंटाची आकृती. खरं नाव हाजी अली. अमेरिकी लष्कराने १८५०च्या दशकात या वाळवंटात उंट वापरून बघितले, त्या उंटांबरोबर आलेला हा माणूस. १९०२ साली इथेच वारला. मुंबईकर नवऱ्याला हे नाव वाचूनच क्वार्ट्झसाइटबद्दल जिव्हाळा वाटायला लागला, आणि टेक्सासची बाजू तिथे जरा ढिली पडली.

माझं मन मात्र युमाच्या वर, कॅलिफोर्नियाच्या हद्दीतल्या इम्पीरियल डॅम एलटीव्हीएवर बसलंय. क्वार्ट्झसाइटपेक्षा आणखी खाली, म्हणजे रात्री दोन-तीन अंशांनी बऱ्या. पाणी आणि डंपची सोय आहे. कोलोरॅडो नदीचं पाणी इथे अडवून ऑल-अमेरिकन कालव्यात सोडतात, त्यामुळे वाळवंटात असूनही डोळ्यांना पाणी दिसतं आणि पक्षी येतात (दुर्बिणीचा प्रश्न सुटला). पलीकडे लष्कराचं युमा प्रूव्हिंग ग्राउंड, तिथले पॅराशूटवाले आकाशात दिसतात. युमा शहर तासाभराच्या आत. हिवाळ्यात अमेरिकेची बहुतेक पालेभाजी याच भागातून जाते, शिवाय मेजूल खजुराच्या बागा. सीमा चालत ओलांडली की लॉस अल्गोडोनेस, जिथे गल्लीच्या गल्ली दातांच्या डॉक्टरांची आणि चष्म्यांच्या दुकानांची. परतीची रांग लांबते, म्हणून सकाळीच जायचं.

तर बेत असा: डिसेंबर आणि अर्धा जानेवारी, म्हणजे सगळ्यांत थंड रात्री, सगळ्यांत खाली इम्पीरियल डॅमला. शोच्या वेळी ला पोसा. फेब्रुवारीअखेर खाली ऊन चढायला लागलं की टूसॉनकडे, आणि मार्चमध्ये जमलं तर लास क्रूसेस. हवा तापेल तसं वर सरकायचं.

थांबताना वॉशमध्ये, म्हणजे कोरड्या ओढ्याच्या पात्रात, गाडी लावणार नाही. जागा सपाट आणि आडोशाची दिसते, पण रात्री थंड हवा उताराने तिथेच येऊन साठते आणि कुठेतरी दूर पाऊस झाला तर पाणीही. दहा फूट वरचा खडीचा माळ बरा.

पाण्याचं म्हणाल तर आधी भरते ती ग्रे टाकी, ब्लॅक नाही. आपल्या स्वयंपाकात भांडी जास्त, तेलही जास्त. कढई आधी कागदाने निपटून घ्यायची, मग स्प्रेच्या बाटलीतल्या साबणपाण्याने पुसायची, शेवटी कपभर गरम पाणी. कुकरमध्ये डाळ आणि भात एकावर एक डब्यांत. असं केलं की ३२ गॅलन दोघांना आठवडाभर पुरतात.

नोव्हेंबर

रस्ता ठरला. आय-४०ने फ्लॅगस्टाफवरून जायचं नाही, डिसेंबरच्या तोंडाला तिथे बर्फाची खात्री. आय-३५ने कॅन्ससपर्यंत, विचिटाहून यूएस-५४ धरून टुकमकारी, अलामोगोर्डो, एल पासो, आणि तिथून आय-१०. दोन हजार मैलांच्या थोडं आत. यूएस-५४वर न्यू मेक्सिकोतल्या कोरोनाजवळ रस्ता साडेसहा हजार फुटांच्या वर आणि टूसॉनच्या अलीकडे टेक्सास कॅन्यनजवळ पाच हजारांच्या जवळ जातो, ते दोन टप्पे हवा बघून.

गाडी विंटराइझ केलेल्या अवस्थेतच निघेल, पाइपांत गुलाबी अँटिफ्रीझ तसंच ठेवून. प्यायला आणि चहाला जेरीकॅन, टॉयलेटला बाटलीतून तेच गुलाबी पाणी. टाक्या धुऊन पाणी भरायचं ते टूसॉन ओलांडल्यावर, त्याआधी नाही.

टायर बदलले. ट्रेड भरपूर होता, पण बाजूच्या डॉट कोडचे शेवटचे चार आकडे सात वर्षांपूर्वीचे निघाले (पहिले दोन आठवडा, पुढचे दोन साल). टपालखात्याकडे तात्पुरत्या पत्त्याचा अर्ज दिला. आणि ज्यांना ६५ पूर्ण झालीत त्यांनी हे बघाच: मूळ मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा, देशभर चालतं, पण खासगी कंपन्यांच्या अ‍ॅडव्हांटेज प्लॅनचं डॉक्टरांचं जाळं बहुधा आपल्या भागापुरतं असतं. चार महिने बाहेर राहणार असाल तर प्लॅन बदलायची मुदत ७ डिसेंबरपर्यंत आहे. नवऱ्याचा प्लॅन त्यासाठीच बदलतोय.

थँक्सगिव्हिंगनंतर आयोवा आणि कॅन्ससमध्ये सलग तीन कोरडे दिवस दिसले की निघणार. एक गोष्ट अजून लटकलीय: कलत्या पॅनलला वाळवंटातला वारा किती सोसतो? कुणी इम्पीरियल डॅमला हिवाळा काढला असेल तर सांगा, रात्री पॅनल पाडून ठेवता की तसेच उभे?