त्या शहरात खारी टाकली का?

शाळेच्या स्मरणिकेसाठी लिहा, असं पत्र आलं आणि इमारत, ग्रंथालय, स्नेहसंमेलन यांतलं काहीच आठवेना. आठवले फक्त मराठीचे सर. बाकीच्या गुरुजनांनी रागावू नये.

नववीत त्यांनी निबंध दिला, 'माझ्या मनातले शहर'. मी बोरीकाठच्या खेड्यातून एसटीने अमळनेरला येणारा. वर्गात तोंडातून अहिराणीतलं 'आठे', 'तठे' निसटलं की मागच्या बाकापर्यंत हशा. तेव्हा निबंधात गावाचा मागमूसच ठेवायचा नाही, असं ठरवलं. समुद्र, ट्राम, सात मजली इमारती, सगळं घातलं. वही परत आली ती एका वाक्याखाली लाल रेघ घेऊन: 'मृगाआधी लोक गच्चीवर चढून खारी पसरत.'

सर मूळचे कोकणातले. मधल्या सुट्टीत बोलावून म्हणाले, "खारी म्हणजे काय रे?" मी सांगत गेलो. धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं घर, त्यावरची पांढुरकी माती, आईच्या डोक्यावरच्या पाट्या, पहिल्या सरीला घरभर येणारा वास. सुट्टी संपली तरी सर ऐकतच होते. मग म्हणाले, "तुझ्या समुद्राला वासच नाही. खारीला आहे."

त्यानंतर दर मे महिन्यात, भेटतील तिथे एकच प्रश्न: "काय, तुझ्या त्या शहरात खारी टाकली का?"

इटालियन लेखक इटालो काल्व्हिनोचं 'इनव्हिजिबल सिटीज' हे १९७२चं पुस्तक हाती लागलं तेव्हा मी नगररचनेत आरेखक होतो. त्यात मार्को पोलो कुब्लाई खानाला ५५ शहरांची वर्णनं सांगतो. सगळ्यांना बायकांची नावं. व्हेनिसबद्दल काहीच का सांगत नाहीस, असं खान विचारतो, तर हा म्हणतो, प्रत्येक शहर सांगताना मी व्हेनिसचंच काही ना काही सांगत असतो. तिथे मी पुस्तक मिटलं. सरांची लाल रेघच ती! त्यातल्या एर्सिलियात लोक घराघरांत दोऱ्या बांधतात, रक्ताच्या नात्याची वेगळ्या रंगाची, व्यवहाराची वेगळ्या. दोऱ्यांतून चालता येईना की घरं मोडून निघून जातात. मागे दोऱ्या राहतात. आमच्या भाऊबंदकीला एवढं नेमकं कुणी लिहिलेलं नाही.

इंग्रज लेखक चायना मिएव्हिलच्या २००९च्या 'द सिटी अँड द सिटी' या कादंबरीत तर एकाच जागेवर दोन शहरं आहेत आणि इकडच्याने तिकडचं दिसलं तरी न पाहण्याची सवय लावून घ्यायची. आम्ही तेच करत होतो. फाटकाच्या आत मराठी, स्टँडवर अहिराणी. आतला बाहेरच्याला ओळख देत नव्हता.

माझी एक कथा दिवाळी अंकात आली, तीही अशाच एका शहराची. नोकरीत मात्र प्लॉटांचे नकाशे काढले. धुळे असो की भुसावळ, नगरांची नावं सगळीकडे तीच.

सर शेवटचे भेटले तेव्हा ऐकू कमी येत होतं. प्रश्न तोच. मी मोठ्यांदा म्हटलं, "स्लॅब टाकला, सर."

ते जरा वेळ गप्प राहिले. "मग धाब्यावरच्या मातीचं काय केलंत?"

"गोठ्यामागे ढीग पडलाय."