जमेची बाजू

रविवार, रात्री दहा

ठाण्याच्या आत्येबहिणीनं सांगितलं म्हणून सुरू केलेल्या या लिहिण्याला आज एकवीस दिवस झाले. "रोज झोपायच्या आधी तीन चांगल्या गोष्टी लिही. कृतज्ञ राहिलं की सगळं बदलतं बघ," ती म्हणाली होती. घरात दोन पगार येत असले की असं म्हणायला सोपं जातं, हे ओठांवर आलं होतं, गिळलं. एवढ्या नातेवाइकांत आपणहून फोन तिनं एकटीनंच केला होता.

नवी वही घ्यायची म्हणजे चाळीस रुपये. म्हणून हिशोबाच्या वहीतच लिहिते. डावीकडे जमा, उजवीकडे नावे, वडिलांनी शिकवली तशी. जूनमध्ये डावी बाजू तशीही मोकळीच पडलेली असते. मी कॉलेजात मराठी शिकवते, तासिका तत्त्वावर. सेट, म्हणजे प्राध्यापकीची पात्रता परीक्षा, होऊन ११ वर्षं झाली, पीएच.डी. होऊन ५. आठवड्याला नऊ तासिका, घेतल्या तितक्यांचेच पैसे. दिवाळीची सुट्टी, परीक्षा, मे महिना, सगळं बिनपैशाचं. पुढच्या वर्षाच्या मुलाखती निघतील तेव्हा निघतील. जानेवारीपासूनचं बिल 'वर' गेलंय. या 'वर'ला पत्ता नसतो. विचारलं की सांगणारासुद्धा छताकडे बोट दाखवतो.

पहिल्या आठवड्यात काय लिहिलं होतं ते आज वाचून बघितलं. 'पहिला पाऊस.' 'मोगऱ्याचा वास.' 'आपण श्वास घेतोय हेच केवढं!' पोरांच्या निबंधात हे सापडलं असतं तर मी खाली लाल रेघ ओढली असती. मोगरा तर माझ्याकडे नाहीच, या अख्ख्या गल्लीत नाही. खोडून टाकलं.

मग शब्दच उघडून बघितला, जुनी खोड. कृत म्हणजे केलेलं, ज्ञ म्हणजे जाणणारा. म्हणजे कुणीतरी काहीतरी केलेलं हवं आणि ते आपल्याला ठाऊक हवं. पाऊस माझ्यासाठी काही करत नाही. तो पडतो, आणि माझा पत्रा गळतो. तेव्हापासून जमेला माणूस लिहायचा आणि त्यानं काय केलं ते लिहायचं. आमच्या घरी भांडणात 'कृतघ्न' सर्रास यायचा. 'कृतज्ञ' मात्र मी सत्काराच्या भाषणांबाहेर कधी ऐकला नाही.

आजची जमा: किराणावाले काका. ४,८६० रुपये थकलेत. पाव किलो तूरडाळ मागितली, त्यांनी अर्धा किलो बांधली आणि म्हणाले, "मांडून ठेवतो." वही काढताना माझ्याकडे बघितलं नाही. हे न बघणंच लिहिलंय.

मंगळवार

सकाळी वाचनालयात. पंखा, वर्तमानपत्रं, सगळं फुकट. फोनवर त्या कृतज्ञतेच्या वह्यांचा उगम शोधत बसले. रॉबर्ट एमन्स आणि मायकल मॅककलो या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांचा अभ्यास २००३ साली छापून आला. त्यांनी विद्यार्थ्यांचे गट केले. एका गटानं आठवड्यातल्या आभार मानाव्यात अशा गोष्टी लिहायच्या, दुसऱ्यानं कटकटी, तिसऱ्यानं नुसतं काय घडलं ते. पहिल्या गटाला दहा आठवड्यांनंतर आपलं आयुष्य जरा बरं वाटायला लागलं होतं. मला राहून राहून कटकटी लिहिणाऱ्या पोरांचंच वाटत राहिलं. चिठ्ठी टाकून त्यांच्या वाट्याला ते आलं. मी असते तर त्याच गटात असते आणि जादा पुरवणी मागितली असती.

दुपारी सांगलीला जाऊन प्रुफं देऊन आले. लग्नपत्रिका, एक स्मरणिका आणि कुठल्याशा संस्थेचा अहवाल. अहवालात 'आर्थिक'चा 'आर्थीक' सव्वीस वेळा होता. एसटीला अर्धं तिकीट. १७ मार्च २०२३ पासून बायकांना निम्म्या भाड्यात प्रवास आहे, तेव्हापासून माझं सांगलीला जाणं वाढलंय हे खरं. प्रुफांचे ६०० मिळाले.

लाडक्या बहिणीचे दीड हजारही काल जमा झाले. ते कुठल्या बाजूला लिहायचे यावर अर्धा तास घालवला. रुपये म्हणून जमेलाच. पण माणूस कोण लिहायचा? ही योजना २०२४ च्या जुलैत सुरू झाली तेव्हा माझा सख्खा भाऊ म्हणाला होता, "चला, आता सरकारच तुझा भाऊ." त्या वर्षीपासून त्याच्या भाऊबिजेच्या पाकिटाचं वजनही उतरलं. आकडा लिहिला, नाव कोरं सोडलं.

बुधवार

ताप. दिवसभर झोपून. एकटीला ताप आला की पाणी कोण देईल ही चिंता नसते, ते उशाशी असतं. 'कशी आहेस' असं विचारणारं कुणी नसतं, म्हणून आपण किती आजारी आहोत तेच कळत नाही.

संध्याकाळी खालच्या भाभींनी पोराकडून शेवयांची खीर पाठवली. कसं कळलं त्यांना? दिवसभरात जिना उतरले नाही, त्यावरून असणार.

शुक्रवार, दुपार

आज खाली शांतता. मिरजेच्या या गल्लीत माझ्या खोलीखाली सतारीचा कारखाना आहे, कारखाना म्हणजे दोन खण. शुक्रवारी बंद. आवाज नसला की तो असतो हे कळतं.

इतर दिवशी सकाळी नवाला चाचा बसतात. तंबोऱ्याची जवारी लावायची, म्हणजे तारेचा आवाज घुमता करायचा, असली की मी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर चहा घेऊन बसते. तारा टेकतात त्या घोडीवर कानस दोनदा फिरवायची, फुंकर मारायची, तार छेडायची, मान हलवायची, परत कानस. असं तासभर. मग तारेखाली सुती दोरा सरकवायचा, केसभर पुढे, केसभर मागे. एका जागी आवाज एकदम उघडतो, बंद खोलीची खिडकी उघडल्यासारखा. चाचा मान वर करून माझ्याकडे बघतात आणि पहिल्यांदा हसतात. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून आलेले भोपळे गच्चीवर वाळत असतात, त्यांच्यामधून वाट काढत मी कपडे वाळत घालते. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. चाचांना विचारलं तर म्हणाले, "कागद आला मॅडम. गिऱ्हाईक मागनं येतंय म्हणं."

भाड्याचे दोन महिन्यांचे ७,००० मी त्यांना देणं लागते. त्यांनी विचारलेलं नाही. हे जमेला लिहिताना हात अडखळतो. न विचारणारा माणूसही पैशाच्या अडचणीत असतो आणि मी त्याच्या चांगुलपणावर राहतेय. म्हणून त्यांचं नाव दोन्हीकडे आहे.

शुक्रवार, रात्र

बिल निघालं! जानेवारी-फेब्रुवारीचं. मार्च-एप्रिल अजून वर.

आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दुपारी चारला निरोप आला आणि पाचपर्यंत हात जोडलेली सत्तावीस चित्रं. 'मनःपूर्वक आभार सर', 'आपले ऋणी आहोत', 'साहेबांच्या प्रयत्नांना यश'. मीही अंगठ्यानं ते जोडलेले हात शोधले, पाठवणार होते. मग हातातला फोन खाली ठेवला.

जानेवारीत मी ताप असताना तास घेतलाय. फेब्रुवारीत मराठी भाषा गौरव दिनाला पोरांची नाटुकली बसवली, तिचे पैसे कुणी दिले नाहीत आणि मी मागितलेही नाहीत. पण तासिकांचे पैसे माझे आहेत. पाच महिने उशिरा आले म्हणून ते उपकार कसे होतील? या पैशांना 'मानधन' म्हणतात, पगार म्हणत नाहीत. मान द्यायचा आणि धन ठेवून घ्यायचं, याची सोय शब्दातच करून ठेवलीय.

ग्रुपवर एवढंच लिहिलं: 'मिळाले. मार्च-एप्रिल कधी?' त्यानंतर कुणीच काही लिहिलं नाही. पंधरा मिनिटांनी एका सहकाऱ्यानं मला एकटीला वेगळा निरोप पाठवला, 'बरं केलंत ताई.' ग्रुपवर नाही हं, वेगळा.

वहीत नवं सदर पाडलं: येणे वसूल. रक्कम तिथं लिहिली. जमेच्या चांगल्या गोष्टींत ती जाणार नाही. तिथं आज त्या सहकाऱ्याचं नाव आहे. धाडस अर्धंच, पण माझ्यासाठी केलेलं.

काकांचे सगळे फेडले. चाचांना एका महिन्याचं भाडं दिलं, त्यांनी न मोजता टोपीखाली ठेवलं.

रविवार

खिरीची वाटी चार दिवस ओट्यावर पालथी. आई म्हणायची, शेजारणीचं भांडं रिकामं परत द्यायचं नाही, काही नसेल तर चिमूटभर साखर घालावी. 'थँक्यू' म्हणताना मी आईला कधी ऐकलं नाही, पण आमच्या वाड्यातल्या वाट्या कायम कुणाच्या ना कुणाच्या घरी असायच्या. माझ्याकडे साखर होती. पण तापात आलेल्या खिरीला चिमूटभर साखर हे फार कमी वाटत होतं, आणि दुसरं काही सुचत नव्हतं. पैसे आल्यावर काल स्वीट मार्टपर्यंत जाऊन परत आले. विकतचं भरून दिलं असतं तर ती फेड झाली असती, आणि भाभींना ते लगेच कळलं असतं.

आज दहावीच्या पुरवणी परीक्षेला बसणारा माझा पोरगा आला. व्याकरणात कच्चा, पण समास सोडवताना घाम पुसतो ते बघून माया येते. त्याच्या आईनं फीचे पाचशे आणि पिशवीभर कैऱ्या पाठवल्या होत्या, शेवटच्या, पाडाला लागायच्या आधीच्या. "आई म्हटली, बाईंना सांग, खाली पडलेल्या नाहीत, तोडलेल्या आहेत."

मेथांबा केला. कैरीच्या फोडी, गूळ, मेथीची खमंग फोडणी, वरून तिखट. घरात बरणी एकच, ती भरली. उरला तो वाटीत, काठोकाठ. बशी झाकून खाली नेऊन दिला. भाभींनी बोट लावून चाखला, डोळे मिटले आणि फक्त "मेथी जरा जास्त" म्हणाल्या.

संध्याकाळी दारावर टकटक. पोरगा वाटी घेऊन उभा. घासलेली, वर कागद लावलेला. आत चार शामी कबाब.

"अम्मीनं सांगितलंय, ताप गेल्यावर तोंडाला चव लागते म्हणून."

मी कबाब खात नाही हे भाभींना तीन वर्षांत सांगायचं राहूनच गेलंय. पोराला आत बसवलं, दोन त्याला खायला लावले, दोन बशीत काढून घेतले. ते काय करायचे ते ठरत नाहीये. वाटी धुऊन ओट्यावर पालथी घातलीय.