इंगावर प्रयोगाला जाताना: डिटेक्टर आणि विद्यार्थ्यांची कामं

पुण्याहून विद्यार्थ्यांना घेऊन दिल्लीला बीमटाइमसाठी, म्हणजे त्वरकाचा कणझोत (बीम) वापरायला मिळालेल्या वेळेसाठी, जाऊन आलो. पुढे कोणाला जायचं असेल तर उपयोगी पडावं म्हणून लगेच लिहून ठेवतोय.

जेएनयूला लागून असलेल्या इंटर-युनिव्हर्सिटी अ‍ॅक्सिलरेटर सेंटरमधला १५ यूडी पेलेट्रॉन हा कणत्वरक विद्यापीठांतल्या संशोधकांसाठीच उभारलेला आहे. आम्हाला काम करायचं होतं इंगावर, म्हणजे इंडियन नॅशनल गॅमा ॲरेवर. अनेक संस्थांनी गॅमा किरण मोजणारे आपापले क्लोव्हर डिटेक्टर एकत्र आणून हा ॲरे उभा केला. तो कधी मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर) असतो, कधी कोलकात्यात, कधी दिल्लीत. प्रस्ताव लिहायला बसण्याआधी तो सध्या कुठे आहे याची चौकशी करा, कारण कुठला बीम आणि किती ऊर्जा मिळेल हे तिथल्या यंत्रावर ठरतं.

माझं ठाम मत असं की विद्यार्थ्यांचा खरा प्रयोग बीम येण्याआधीच होतो. बीम आला की आठ-आठ तासांच्या शिफ्ट लागतात आणि काउंट रेटवर (दर सेकंदाला किती किरण मोजले जातात त्यावर) लक्ष ठेवून लॉगबुक लिहिण्यापलीकडे नवशिक्याच्या हाती फारसं उरत नाही. म्हणून निघण्यापूर्वीच प्रत्येकाच्या नावावर एकेक क्लोव्हर लावून द्या. त्याला थंड ठेवणारा द्रव नायट्रोजन, बायस (डिटेक्टरला द्यायचं व्होल्टेज), प्रीअँपचा (पहिल्या सिग्नल-वर्धकाचा) सिग्नल, कॅलिब्रेशन, सगळं त्यानेच बघायचं.

एका क्लोव्हरमध्ये जर्मेनियमचे चार स्फटिक असतात. गॅमा किरण एका स्फटिकात थोडी ऊर्जा टाकून शेजारच्यात शिरला, तर दोन्हींची बेरीज करून पूर्ण ऊर्जा परत मिळवता येते, हेच ॲडबॅक. पण चौघांचं गेन (सिग्नल किती पट वाढवला जातो ते) जुळलेलं नसेल तर बेरजेचा पीक, म्हणजे आलेखातला उंचवटा, पसरट होतो. कोबाल्ट-६० या किरणोत्सारी सोर्सची १३३२.५ केईव्हीची (किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टची) गॅमा रेषा प्रत्येक स्फटिकात एकाच चॅनलवर आणायला एमएस्सीच्या एका विद्यार्थिनीला अख्खी दुपार लागली. तीन स्फटिक छान जुळले, चौथ्याच्या पीकची रुंदी मात्र दोन केईव्हीच्या आसपास यायला तयारच नव्हती. तिने ऑसिलोस्कोप लावला तर बेसलाइन ५० हर्ट्झने डोलत होती. एक मॉड्यूल वेगळ्या सॉकेटवरून वीज घेत होतं. ते बाकीच्यांच्या सॉकेटवर आणताच पीक अरुंद झाला. ग्राउंड लूप (वेगवेगळ्या अर्थिंगमुळे सिग्नलमध्ये शिरणारा गोंधळ) काय असतो हे तिला आता कोणी सांगायला नको.

नायट्रोजनच्या बाबतीत अजिबात सूट देऊ नका. आपोआप भरण्याची सोय असली तरी भरल्याची नोंद माणसाने करायची. एखादा डिटेक्टर अर्धवट तापला तर घाईने पुन्हा थंड करू नका; आधी पूर्ण खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मग थंड करा. बायस हजारो व्होल्टचा असतो, तो टप्प्याटप्प्याने चढवा आणि गळती विद्युतप्रवाहावर डोळा ठेवा. बंद बूट, चष्मा, सैल हातमोजे हवेतच. बंद खोलीत द्रव नायट्रोजन सांडला तर हवेतला ऑक्सिजन घटतो, हे पहिल्याच दिवशी बजावून सांगा.

टार्गेटचं, म्हणजे ज्या फॉइलवर बीम आदळतो तिचं, काम पीएचडीच्या विद्यार्थ्याकडे द्या, आणि फार आधी. समस्थानिक महाग असतो आणि मिळायला वेळ लागतो. पातळ फॉइल कधीही फाटू शकते, त्यामुळे जादा टार्गेट जवळ असू द्या.

शिफ्टमध्ये एक जुना आणि एक नवा अशी जोडी लावा. रात्रीच्या शिफ्टला सगळेच नवे कधीही नकोत. अंगावर पडलेलं किरणोत्सर्ग मोजणारा टीएलडी बॅज घेतल्याशिवाय कोणाला बीम हॉलकडे फिरकू देऊ नका. हिवाळ्यात गेलात तर स्वेटर हवाच, दिल्लीची थंडी पुण्यासारखी नसते.

बीम संपल्यावर सगळे थकलेले असतात आणि बायस उतरवायची घाई होते. त्याआधी युरोपियम-१५२ आणि बेरियम-१३३ चे सोर्स टार्गेटच्याच जागी ठेवून पुन्हा एकदा कॅलिब्रेशनचा डेटा घ्या, आणि हॉल सोडण्यापूर्वी सगळ्या फाइली दोन वेगळ्या डिस्कवर उतरवून उघडून बघा.